घरची भाषा आणि परका ठेका : नाझिया-झोहेब या भावंडांचा उदय

लोकप्रिय संगीताचा इतिहास गंभीरपणे लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. गायकीच्या घराण्यांचे इतिहास झाले, नाट्यसंगीताचे झाले, चित्रपटगीतांची तर वर्षवार कोष्टके झाली. परंतु जे गाणे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी ऐकले, ज्याच्यावर ती नाचली आणि पुढे संसाराच्या रगाड्यात विसरून गेली, त्याची नोंद ठेवावी असे सहसा कोणास वाटत नाही. 'थिल्लर' या एका शब्दात त्याची बोळवण होते. वास्तविक एखाद्या समाजातील तरुण पिढी कोणत्या भाषेत गुणगुणते, हा त्या समाजाच्या इतिहासातील दुय्यम प्रश्न खचित नव्हे.

१९८० आणि १९८१ या दोन वर्षांत कराचीत जन्मलेली आणि लंडनमध्ये वाढत असलेली दोन भावंडे, नाझिया हसन आणि झोहेब हसन, हिंदी-उर्दू गाण्याच्या दुनियेत एकाएकी प्रकट झाली. बहीण जेमतेम पंधरा वर्षांची, भाऊ तिच्याहून दीड वर्षाने लहान. चित्रपटाच्या आधारावाचून गाणारी अशी किशोरवयीन जोडी, आणि तिला मिळालेली अशी लोकप्रियता, ही त्या काळात दुर्मिळ गोष्ट होती. प्रस्तुत लेखात त्या उदयाची हकीकत क्रमाने सांगण्याचा आमचा मानस आहे. ती या अंकात का सांगावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मूळ घर सोडून दूर वसलेल्या कुटुंबांतील मुलांच्या तोंडी घरची भाषा कशी टिकते, हा प्रश्न बृहन्महाराष्ट्रातील आपल्यासारख्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या भेडसावत आला आहे, आणि या दोन भावंडांच्या हकीकतीत त्या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर दडलेले आहे.

कराची हे नाव आपल्या जुन्या वाचकांना परके वाटू नये. १९३६ साली सिंध हा स्वतंत्र प्रांत होईपर्यंत ते शहर मुंबई इलाख्यात मोडत असे, आणि १८५५ साली तेथे निघालेली सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. फाळणीनंतर या शहराचा चेहरामोहरा पालटला. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या उर्दूभाषक कुटुंबांनी ते गजबजले आणि उर्दू ही तेथील घराघरांची, शाळांची व नभोवाणीची भाषा झाली. नाझियाचा जन्म याच शहरात ३ एप्रिल १९६५ रोजी झाला, झोहेबचा नोव्हेंबर १९६६ मध्ये. वडील बसीर हसन व्यापारी, आई मुनिझा समाजकार्यात रमलेल्या. घर सुखवस्तू होते, आणि मुलांचे बालपण काही काळ कराचीत व काही काळ लंडनमध्ये असे विभागून गेले.

नाझियाच्या जन्मवर्षाचे आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध झाले आणि त्यानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपटांच्या प्रदर्शनावर बंदी आली. म्हणजे ही मुले ज्या पिढीची, त्या पिढीला सीमेपलीकडचा चित्रपट आपल्या गावच्या चित्रगृहात पाहणे अशक्य झाले होते. गाणी मात्र नभोलहरींवरून ये-जा करीतच राहिली. सीमेच्या दोन्ही बाजूंना सिलोन रेडिओ लागत असे, आणि ऐकणाऱ्याला पारपत्र विचारणारे तेथे कोणी नव्हते.

१९७० च्या दशकात पाकिस्तान टेलिव्हिजनवर मुलांसाठी गाण्यांचे कार्यक्रम होत. त्यांचे संचालन करणाऱ्यांत सोहेल राणा हे संगीतकार अग्रगण्य होते. १९६६ सालच्या 'अरमान' या चित्रपटातील अहमद रुश्दी यांनी गायलेले 'को को कोरीना' हे गाजलेले गीत याच सोहेल राणांचे. उर्दू शब्दांना पाश्चात्य ठेका जोडण्याचा एक धीट प्रयोग म्हणून त्याची आठवण आजही काढली जाते. अशा संगीतकाराच्या कार्यक्रमात नाझियाने लहानपणी गायन केले. तिला रूढ अर्थाने गुरू लाभला नाही, तालीम मिळाली नाही. मात्र उर्दू बालगीत आणि पाश्चात्य ताल एकाच वेळी कानावर पडत राहण्याचा संस्कार तिला मिळाला, आणि पुढील हकीकतीच्या दृष्टीने तो पुरेसा ठरला.

आता कथानक लंडनला जाते. अभिनेते व निर्माते फिरोज खान हे त्या सुमारास 'कुर्बानी' या चित्रपटाच्या जुळवाजुळवीत होते. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. परंतु एक गाणे अगदी नव्या धर्तीचे, लंडनच्या नाचघरांत शोभेल असे असावे, ही फिरोज खान यांची इच्छा. लंडनमधील एका मेजवानीत त्यांनी नाझियाला गाताना ऐकले आणि बिड्डू या संगीतकाराकडे तिच्या आवाजाची चाचणी घ्यावी असे सुचवले. त्या लहान भेटीतून पुढील सारे घडले.

बिड्डू यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. बिड्डू अप्पय्या हे मूळचे कोडगू मुलखातील कुटुंबातले, वाढले बंगळूरमध्ये. तरुणपणी इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या चमूत ते गात असत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते इंग्लंडला गेले आणि तेथे ध्वनिमुद्रिकांचे निर्माते म्हणून स्थिरावले. १९७४ साली कार्ल डग्लस यांनी गायलेले त्यांचे 'कुंग फू फायटिंग' हे गीत ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोचले. गंमत अशी की, ते तबकडीच्या मागील बाजूस घालण्यासाठी म्हणून घाईघाईत मुद्रित केले होते. १९७६ साली टीना चार्ल्स यांच्या आवाजातील त्यांच्या दुसऱ्या एका मुद्रिकेने ब्रिटनमध्ये तोच मान मिळवला. फिरोज खान यांचाही जन्म बंगळूरचाच. म्हणजे एका बंगळूरकराने दुसऱ्या बंगळूरकराकडे कराचीची मुलगी पाठवली, आणि हे सारे घडले थेम्सच्या काठी! स्थलांतराचा इतिहास असा विलक्षण गाठी मारीत जातो.

गीत लिहिले इंदीवर यांनी. ते झाशीजवळच्या बरुआसागरचे, हिंदी चित्रपटसृष्टीत मुरलेले कवी. 'आप जैसा कोई' या त्या गीताचे शब्द सोपे, बोलण्यातले, जवळजवळ बाळबोध आहेत. चाल बांधणाऱ्या बिड्डूंची हिंदी ही मातृभाषा नव्हे. त्यामुळे शब्दाच्या अर्थच्छटेपेक्षा त्याच्या वजनाकडे त्यांचे लक्ष अधिक असणार, हे उघड आहे. परिणामी या गाण्यात शब्द ठेक्यावर स्वार होत नाहीत, ठेक्याच्या आत बसतात. त्या शब्दांना उच्चाराचे शुद्ध, घरगुती वळण दिले ते कराचीच्या मुलीने.

गाणे कसे मुद्रित झाले, हेही समजून घेतले पाहिजे, कारण त्याच्या नवेपणाचे अर्धे रहस्य तेथे आहे. त्या काळी मुंबईत चित्रपटगीताचे मुद्रण बहुधा असे होई : मोठ्या दालनात पन्नास-साठ वादक बसलेले, काचेच्या खोलीत गायक उभा, आणि सर्वांनी मिळून एका दमात गाणे पार पाडायचे. एकाचा सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. लंडनमध्ये बिड्डू ज्या पद्धतीने काम करीत, तीत ढोल, गिटार, तंतुवाद्ये, सिंथेसायझर आणि आवाज हे सारे फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर स्वतंत्रपणे उतरवले जाई आणि नंतर सावकाश एकत्र मिसळले जाई. या मल्टिट्रॅक पद्धतीत गायिकेचाच आवाज दुसऱ्यांदा घेऊन पहिल्यावर बसवता येतो. नाझियाच्या बाबतीत बिड्डूंनी हेच केले. तिचा आवाज लहान, किंचित सानुनासिक आणि मर्यादित पल्ल्याचा. पन्नास वादकांसमोर तो बुडालाच असता. परंतु स्वतःच्याच सावलीसह तो गाण्यात उतरला तेव्हा त्याला एक निराळी, दुरून आल्यासारखी भरघोस गुंज लाभली. तंत्र आवाजाच्या सेवेला लागले, आवाजाला दडपून टाकण्यासाठी त्याचा वापर झाला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

'कुर्बानी' २० जून १९८० रोजी प्रदर्शित झाला. पडद्यावर हे गाणे झीनत अमान यांच्या वाट्याला आले. चित्रपट जोरात चालला आणि त्यातील हे एक गाणे गल्लोगल्ली पोचले. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार नाझियाला मिळाला. तोवर इतक्या लहान वयाच्या गायिकेला तो मिळाला नव्हता.

येथे एक संदर्भ आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावा. हिंदी पार्श्वगायनावर त्या काळी मंगेशकर भगिनींचे साम्राज्य होते. लताबाई जन्माने इंदूरच्या, घराणे मूळ गोव्यातील मंगेशीचे. दोघींच्या श्रेष्ठत्वाविषयी वाद नव्हताच, आणि म्हणूनच नव्या गायिकांना वाव मिळावा यासाठी लताबाईंनी १९७० नंतर, तर आशाबाईंनी १९७९ नंतर, या पुरस्काराच्या स्पर्धेतून स्वतःहून अंग काढून घेतले होते. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर १९८० साली वाणी जयराम यांचा, १९८१ साली नाझियाचा आणि १९८२ साली परवीन सुलताना यांचा सन्मान झाला. दाक्षिणात्य घरातील शास्त्रशुद्ध गायिका, लंडनची शाळकरी मुलगी आणि ख्यालगायनातील विदुषी! सिंहासनावरून कोणी आपण होऊन थोडे बाजूस सरले की दरबारात किती प्रकारचे लोक येऊ शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

लताबाईंचे उदाहरण आणखी एका कारणाने येथे आठवते. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्यांना तेरावे वर्ष चालू होते आणि घर चालवण्यासाठी त्यांना गाण्याचा व्यवसाय पत्करावा लागला. नाझियाच्या बाबतीत असे काही नव्हते. घरी अन्नवस्त्राची विवंचना नव्हती, गाणे ही हौस होती. गरजेतून उभे राहिलेले गाणे आणि हौसेतून उमललेले गाणे यांची तुलना करून कोणास कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दोन्हींचे बळ आणि दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या असतात, एवढे नमूद केले पाहिजे. हौसेला मोकळेपणा असतो, तसाच तिला सहज विरामही मिळतो. या भावंडांच्या पुढील वाटचालीत दोन्ही गोष्टी दिसून येतात.

एका चित्रपटगीताच्या यशावर थांबले असते तर नाझियाचे नाव आज कोष्टकातील एका ओळीपुरते उरले असते. बिड्डूंनी पुढचे पाऊल असे टाकले की, चित्रपटाला पूर्ण बाजूस ठेवून नाझियाची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढायची आणि तीत झोहेबलाही गायला लावायचे. १९८१ साली 'डिस्को दीवाने' ही ध्वनिमुद्रिका भारतात 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या कुत्र्याच्या छापाखाली बाजारात आली आणि हातोहात खपली. भारतात आणि पाकिस्तानात तर ती गाजलीच, शिवाय दोन्ही देशांतील माणसे परदेशी जेथे जेथे वसली होती तेथेही गेली. ज्या दोन देशांत चित्रपटांची ये-जा बंद होती, त्या दोन्ही देशांत एकाच उन्हाळ्यात एकच मुद्रिका घराघरांत वाजत होती.

चित्रपटाबाहेरचे गाणे ही आपल्याला नवलाईची गोष्ट नाही. जी. एन. जोशी आणि गजानन वाटवे यांच्यापासून मराठी भावगीताने तबकडी आणि नभोवाणी यांच्या जोरावर, चित्रपटाचा आश्रय न घेता, उभी पिढी पोसली. गझल, भजन, ठुमरी यांच्याही ध्वनिमुद्रिका निघतच होत्या. मग 'डिस्को दीवाने'त नवे ते काय? आमच्या मते तीन गोष्टी नव्या होत्या. पहिली अशी की, गाणारे आणि ऐकणारे एकाच वयाचे होते. भावगीत प्रौढांनी गायले आणि तरुणांनी ऐकले. येथे शाळकरी मुले शाळकरी मुलांसाठी गात होती. दुसरी अशी की, गाणे कोणा नटीच्या ओठांवर चढवण्यासाठी तयार झालेले नव्हते. आवाजामागे चेहरा होता तो गाणाराचाच. तिसरी गोष्ट भावा-बहिणीच्या जोडीची. त्यामुळे प्रेमगीतांच्या त्या मुद्रिकेला एक घरगुती, निर्भर वातावरण आले. आईबापांना आपल्या मुलीच्या हाती ती देताना फारसा संकोच वाटला नसावा. 'आओ ना' किंवा 'दिल मेरा' यांसारखी गाणी ऐकताना हा निरागसपणा आजही जाणवतो.

काळही अनुकूल होता. अमेरिकेत डिस्कोची लाट १९७९ पासूनच ओसरू लागली होती. आपल्याकडे ती त्यानंतर आली, आणि मिथुन चक्रवर्ती यांचा 'डिस्को डान्सर' तर १९८२ च्या डिसेंबरात झळकला. म्हणजे हिंदी चित्रपटाने डिस्कोला डोक्यावर घेण्यापूर्वीच या दोन मुलांनी ते उर्दूत रुजवले होते. दुसरे असे की, त्याच सुमारास कॅसेट घरोघर शिरत होती. आखाती देशांत नोकरीस गेलेला भाऊ किंवा मेहुणा परतताना रेडिओ व टेपरेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र घेऊन येई, आणि ते दिवाणखान्यात विणलेल्या आच्छादनाखाली विराजमान होई. तबकडीचा ग्रामोफोन ही घरातील वडील माणसाची मालमत्ता असे. त्याची सुई मुलांनी हाताळायची नाही, असा दंडक होता. कॅसेटने तो अधिकार मोडला. मुले स्वतः कॅसेट घालू लागली, उलटवू लागली, मैत्रिणीकडून आणून तिची नक्कल करू लागली. या मुद्रिकेच्या प्रसारामागे दुकानदारांइतकाच या लहान हातांचाही वाटा आहे.

जाणत्या मंडळींनी त्या वेळी नाके मुरडली आणि त्यांचे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. आवाजाला तालीम नाही, चालीत रागदारीचा मागमूस नाही, काव्य पातळ आहे, ठेका उसना आहे, असे म्हटले गेले. यांतील प्रत्येक विधान मान्य करूनही एक गोष्ट उरते आणि तीच आमच्या लेखाचा गाभा आहे. या मुलांना इंग्रजी उत्तम येत होते. ती लंडनमध्ये शिकत होती, त्यांचे मित्र इंग्रजी बोलत होते, त्यांचा निर्माता इंग्रजी गाण्यांवर जगप्रसिद्ध झालेला होता. इंग्रजीत गाणे हा त्यांच्यापुढे सहज, सोयीचा मार्ग होता. तरी त्यांनी गायले ते घरच्या भाषेत. उसना होता तो ठेका. भाषा उसनी नव्हती.

ठेका उसना घेण्याची परंपरा तर जुनीच आहे. संगीत नाटकांनी पारशी, कानडी आणि उत्तर हिंदुस्थानी चाली उचलल्या. तंजावरच्या मराठी दरबाराने दाक्षिणात्य वाद्ये आपलीशी केली. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या पदरी असलेल्या वाद्यवृंदांत विलायती वाद्ये होती. दूर देशी वसलेला समाज शेजाऱ्याकडून चाल घेतो, वाद्य घेतो, पोशाख घेतो. भाषा मात्र एकदा शेजाऱ्याची घेतली की स्वतःची परत मिळणे दुरापास्त होते. हसन भावंडांनी, बहुधा नकळत, हा विवेक पाळला. लंडनमधील, ब्रॅडफर्डमधील, टोरांटोमधील ज्या मुलांना घरची भाषा ही आजी-आजोबांसमोर बसून पाठ म्हणण्याची गोष्ट वाटत होती, त्यांना ती भाषा प्रथमच नाचता येण्याजोगी वाटली. हे काम कोणत्याही पाठ्यपुस्तकाला साधले नसते.

यशानंतरच्या वर्तनातूनही या कुटुंबाची वृत्ती दिसते. गाण्याच्या पाठीमागे शिक्षण सोडून धावावे असे त्यांनी केले नाही. मुद्रिका निघाल्या त्या तुरळक : १९८२ साली विनोद पांडे यांच्या 'स्टार' या चित्रपटाची गाणी, १९८४ साली 'यंग तरंग', १९८७ साली 'हॉटलाइन' आणि १९९२ साली 'कॅमेरा कॅमेरा'. 'स्टार' चित्रपट पडला. त्यातील 'बूम बूम' हे गाणे मात्र तरले. 'यंग तरंग'मधील गाण्यांसाठी खास चित्रफिती तयार करण्यात आल्या, आणि आपल्याकडील लोकांना गाण्याची स्वतंत्र चित्रफीत म्हणजे काय हे त्यामुळे कळू लागले. झोहेबचा वाटा गाण्यापुरता न राहता पुढे पुढे स्वररचनेतही वाढत गेला. दरम्यान नाझियाने लंडनमध्ये व्यवसाय-व्यवस्थापन व अर्थशास्त्र यांतील पदवी घेतली, कायद्याचा अभ्यास केला आणि काही काळ न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयात काम केले. अमली पदार्थांच्या विरोधातील प्रचारकार्यात दोघेही सहभागी होती.

त्यांनी वाट पाडली की केवळ एक पाऊलखूण सोडली, असा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. भारतात तरी लगेच कोणी त्यांच्या मागून आले नाही. चित्रपटाने डिस्कोचा ठेका गिळंकृत केला आणि स्वतंत्र गाणे पुन्हा दुर्बल झाले. 'इंडिपॉप' हे नाव रूढ झाले ते थेट १९९० च्या दशकात, आणि त्या लाटेतील सर्वांत गाजलेली मुद्रिका, अलिशा चिनॉय यांची १९९५ सालची 'मेड इन इंडिया', पुन्हा बिड्डूंच्याच हातची होती. पाकिस्तानात मात्र बीज लवकर रुजले. १९८९ साली शोएब मन्सूर यांनी तेथील दूरचित्रवाणीसाठी 'म्यूझिक ८९' हा कार्यक्रम निर्माण केला. त्याचे सूत्रसंचालन नाझिया आणि झोहेब यांनी केले आणि तरुणांचे नवे वाद्यचमू त्या मंचावरून देशापुढे आले. जी मुले १९८१ साली ऐकत होती, तीच आता गिटार घेऊन उभी होती. ज्या गाण्याला 'चार दिवसांची नवलाई' म्हटले गेले, त्याची परीक्षा आठ वर्षांनी लागली आणि त्यात ते उत्तीर्ण झाले, असेच म्हणावे लागेल.

नाझियाचे आयुष्य अल्प ठरले. फुप्फुसाच्या कर्करोगाने १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले तेव्हा ती अवघ्या पस्तीस वर्षांची होती. पाकिस्तान सरकारने २००२ साली तिला मरणोत्तर सन्मान दिला. झोहेबने २००६ साली स्वतःची मुद्रिका काढली. २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर' या हिंदी चित्रपटात 'डिस्को दीवाने' नव्या साजात पुन्हा वाजले तेव्हा त्यात नाझियाचा मूळ आवाजही ठेवण्यात आला होता. त्या गाण्यावर नाचणाऱ्या मुलांच्या आयांनी, कदाचित आज्यांनीही, तेच गाणे कॅसेटवर ऐकले होते.

आता आपल्याकडे वळू. आपली घराणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे अशा ठिकाणी शतके दोन शतके नांदली. मराठी टिकवण्यासाठी आपण काय काय केले? ग्रंथालये चालवली, गणेशोत्सवात व्याख्याने ठेवली, मुलांकडून श्लोक आणि नाट्यगीते पाठ करून घेतली. हे सर्व आवश्यकच होते आणि पुढेही राहील. परंतु त्यात एक उणीव आहे. मुलांना आपण मराठीत वारसा देतो, जागा देत नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात बारा वर्षांच्या मुलीने सत्तर वर्षांपूर्वीचे पद म्हटले की आपल्या डोळ्यांत पाणी येते. तिच मुलगी स्वतः जुळवलेले चार शब्द, मग ते मराठीत हिंदी-गुजराती मिसळलेले का असेनात, एखाद्या ढणढणत्या ठेक्यावर म्हणू लागली तर आपण कार्यक्रमपत्रिकेत तिला जागा शोधून देतो का?

हसन कुटुंबाने ती जागा दिली. आईवडिलांनी अभ्यासाची अट राखली आणि गाण्याला मोकळीक ठेवली. त्यामुळे जे निर्माण झाले ते महान संगीत होते असा दावा आम्ही करीत नाही. परंतु लंडनच्या थंड हवेत उर्दू ही दोन मुलांच्या खेळाची भाषा राहिली, आणि खेळाची भाषा सहसा मरत नाही. आपल्या संमेलनांतून येत्या वर्षी तास-अर्धा तास पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हवाली करावा. काय म्हणायचे ते त्यांनी ठरवावे, वाद्ये त्यांनी निवडावीत, वडीलधाऱ्यांनी फक्त एवढेच पाहावे की शब्द घरचे आहेत. त्या अर्ध्या तासात व्याकरणाच्या चुका होतील, कानठळ्याही बसतील. ते सोसण्याची तयारी ज्या मंडळाची असेल, त्याच्या सभासदांच्या यादीत पुढील पिढीची नावे दिसतील, अशी आमची खात्री आहे.